चकलांब्याच्या म्हशीचा सत्कार

मांजरसुंब्याच्या चौकात टायरच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं वनमाला तांदळे बसते. पाटीवर 'खाजगी तपास' लिहिलंय, पण लोक येतात ते स्थळाच्या चौकशीला. पोरगा पितो का, पोरीचं आधी कुठं ठरून मोडलं का. पोलिसातली नोकरी तिनं साहेबाच्या तोंडावर टोपी फेकून सोडली, अशी बोलवा आहे. फेकली नव्हती, टेबलावर ठेवली होती. पण लोकांना फेकलेलीच आवडते.

शनिवारी अकराच्या सुमाराला जिन्यावर काठी वाजली. कुणीतरी पायऱ्या मोजत वर येत होतं.

"चौदा," दारात येऊन म्हातारा म्हणाला. "खालचा टायरवाला बारा म्हणाला. डोळे असून मोजत नाहीत लोक."

पांढरा शर्ट, काळा चष्मा, हातात काठी. लखन नागरगोजेनं खुर्ची ओढली. "या बाबा, सावकाश बसा."

म्हाताऱ्यानं मान तिरपी केली. "बीड-वडवणी गाडीचे कंडक्टर तुम्ही. 'मागं जागा हाय, मागं सरका.' मागं कधी जागा नसायची."

लखन ओशाळला. एसटीतून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. आता तो वनमालाच्या सोबत असायचा. स्कूटर त्याची, डोकं तिचं.

"मी सुंदरराव मस्के, वडवणीचा," म्हातारा म्हणाला. "तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, इंग्रजी शिकवली. काचबिंदूनं डोळे गेले, मग बायको गेली. आता घरात बोलणारी होती, तीही परवा चोरीला गेली."

लखननं वनमालाकडं बघितलं. "कोण, बाई?"

"यंत्र हो. साबणाच्या वडीएवढं. छापील कागदावर धरून बटण दाबलं की वाचून दाखवतं. बाईचा आवाज आहे. हाताचं लिहिलेलं येत नाही, छापील तेवढं वाचते. औषधाच्या बाटल्या, लाइटबिल, पेपर, सगळं. कधीकधी मी बिस्किटाचा पुडाच वाचायला लावतो. तेवढंच घरात कुणी बोलल्यासारखं."

"पेपर नीट वाचती?" वनमालानं विचारलं.

गुरुजी हसले. "कसली नीट! रकाना म्हणजे काय, तिला कळत नाही. ओळ धरली की पानाच्या पार टोकापर्यंत जाते. एकदा म्हणाली, 'वधू पाहिजे, पाच गिअरची, कागदपत्रे पूर्ण.' माणूस असता तर छडी दिली असती. पण तिच्यावर रागवायला जीव होत नाही."

"कधी गेली?"

"गुरुवारी. जेवून आडवा झालो, चारला उठून देवळीत हात घातला तर देवळी रिकामी. गल्लीच्या तोंडाशी बाया शेवया करत बसल्या होत्या. बाहेरचं कुणी आत आलं नाही म्हणतात. तिघंच आले. पुतण्या सत्यम, दुरुस्तीवाला मुनव्वर, आणि शेजारच्या विमलबाई."

"पोलिसात गेलता का?"

"गेलो होतो. साहेब म्हणाले, म्हातारपणी वस्तू सापडत नाहीत. ते जाऊ द्या. उद्या दहाला विजयसिंह येतोय, पुण्याचा पोरगा. मागं मी डोळ्याचं औषध समजून कानाचं घातलं होतं. तेव्हा त्यानं हे यंत्र पाठवलं आणि अट घातली. यंत्र आहे तोवर एकटं राहा, नसलं तर पुण्याला चला. आठव्या मजल्यावर. सगळी सकाळी जातात, रात्री येतात. दोन महिने राहून आलोय मी. माझ्याशी एकटी लिफ्ट बोलायची. 'दरवाजा बंद होत आहे.'"

वनमाला उठली. "चला."

खाली स्कूटर होती. तिघं एकीवर मावणार नाहीत, हे लखनला जिना उतरून झाल्यावर कळलं. गुरुजींना वडवणीच्या जीपमध्ये बसवलं आणि ही दोघं मागून गेली.

वडवणीत मस्के गुरुजींचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. वस्तू जिथल्या तिथं, आंधळ्याच्या घरात असतात तशा. देवळी रिकामी होती. तिच्या शेजारी एक खिळा होता, तोही रिकामा.

"इथं काय असतं?"

गुरुजींनी हात लावला. दचकले. "कानात घालायची वायर. रात्री गल्लीला त्रास नको म्हणून. ती पण गेली? माझ्या ध्यानातच आलं नाही."

कपाटात यंत्राचा डबा होता. आत बिल आणि चार्जर.

"पेपरबिगर करमत नसंल," वनमाला सहज म्हणाली.

"विमलबाई वाचतात पुन्हा. यंत्र यायच्या आधी नऊ वर्षं त्याच वाचायच्या. यंत्र आल्यावर मी म्हणालो, आता तुम्हाला त्रास नाही. दोन वर्षं झाली त्याला. परवा संध्याकाळी गेलो परत त्यांच्या दारात." गुरुजी एकदम हसले. "आजची बातमी ऐकली का? चकलांब्यात कुणा बडेंच्या म्हशीला एकदम दोन रेडकं झाली. आणि गावानं शाल-श्रीफळ देऊन म्हशीचा सत्कार केला!"

"आपल्याकडं नेम न्हाई," लखन म्हणाला. "सत्काराला माणूस सापडलं नसंल."

"विमलबाई ओट्यावर बसून वाचतात का?" वनमालानं विचारलं.

"आधी तसंच वाचायच्या. पेपर पडला की उचलायच्या आणि तिथंच सुरू. आता घरी नेतात, तासाभरानं येऊन वाचतात. त्यांनाही कामं असतात."

पेपर खाटेवर होता. वनमालानं तो लखनपुढं धरला. "वाचा बरं म्हशीचं."

लखन वाचायला लागला. "चकलांबा येथील शेतकरी तानाजी बडे यांच्या म्हशीनं एकाच वेळी दोन रेडकांना जन्म दिला. पाहण्यासाठी गर्दी होत आहे. संपलं. बाजूला महिला मंडळाचं हाय. स्वप्नाली ढाकणे अध्यक्ष झाल्या, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. कुंकवाच्या करंड्याची जाहिरात. पुढं वाचू?"

"नका. तहान लागंल तुमाला."

सत्यम मस्केचं झेरॉक्सचं दुकान कोपऱ्यावर, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं.

"विचारा," तो आधीच म्हणाला. "काकाची पुढची खोली मला दुकानाला पायजे, हे गल्लीतल्या शेळीला पण म्हाईत हाय. म्हणून मी यंत्र चोरलं. झालं?"

"यंत्र गेल्याचा पुण्याला फोन तू केलास."

"केला. न्हाई केला असता आन् काकानं फिनेल पिलं असतं तर माझ्याच नावानं बोंब मारली असती. गुरुवारी एकला लाइटबिल द्यायला गेलतो. बिल दिलं, काका जेवत होता, आलो."

"यंत्र होतं तेव्हा?"

"होतं की. बिल वाचून बी दाखवलं. माझ्यादेखत."

"आन् वायर?"

"चार्जरची? ती कपाटात ठेवतो काका."

"कानातली."

"कानातली कसली?" सत्यमचं तोंड खरोखरच उघडं राहिलं. "काका गाणी ऐकतो का काय?"

बसस्थानकाजवळ मुनव्वरचं दुकान. घड्याळं, मोबाइल, रिमोट, सगळ्यांचं पोट फाडून ठेवलेलं. त्याची आई रहेमतबी दुकानात बसून लसूण सोलत होती.

"गुरुवारी दीडला गेलतो," मुनव्वर म्हणाला. "आवाज बारीक झालता, जाळीत धूळ. पुसून दिलं. मला चोरायचंच असतं ताई, तर मागच्या महिन्यात आठ दिवस माझ्याकडंच पडलं होतं."

"इकायला गेलं तर कोण घेईल?"

"डबा न्हाई, बिल न्हाई, कोण घेतंय? चोरणारानं आधी डबा उचलला असता."

"आणि कानातली वायर?"

"ती माझीच, जुनी. एक बाजू बंद हाय तिची. फुकट दिलती गुरुजीला. तिला कोण चोरंल?"

रहेमतबी लसणावरून मान वर न करता म्हणाली, "ज्याला ऐकायचं हाय, तो."

वनमाला तिच्याकडं बघत राहिली. "चाची, आमच्याकडं येता का कामाला?"

"पगार दे, आती मैं."

विमलबाई कोठुळे सत्तरीला टेकलेल्या. उंच, ताठ, लुगड्याची घडी मोडलेली दिसायची नाही. सातवी शिकून या गल्लीत सून म्हणून आल्या त्या काळात दुसरी वाचणारी बाई नव्हती. लग्नपत्रिका, कोर्टाचा कागद, मिलिटरीतल्या पोराचं पत्र, सगळं विमलबाईंच्या दारात यायचं. पोथीला मधे बसायच्या त्याच. मुलगी कर्नाटकात दिलेली, वर्षातून एकदा यायची. बाकी घरात भिंती.

वनमाला आणि लखन उजेडात दारात उभे राहिले. बोलले नाहीत.

"कोण हाय?" विमलबाईंनी विचारलं.

वनमालानं नाव सांगितलं. कशाला आलोय तेही.

"बसा. चहा ठेवते. चोरी झाली म्हणून पावण्याला कोरडं धाडत न्हाई मी."

दाराशी खिळ्याला पिशवी लटकत होती, पांढरी. तिच्यावर भला मोठा डोळा छापलेला आणि खाली बीडच्या कुठल्याशा नेत्रालयाचं नाव. पिशवीत कांदे होते.

"पिशवी छान हाय, मावशी."

"कसली छान? साधी पांढरी. कुणाच्यातरी लग्नात मिळाली."

त्यांनी चहा ओतला. कपाच्या काठावर बोट ठेवून. चहा बोटाला लागला तशी किटली थांबली. एक थेंब बाहेर नाही.

"गुरुवारी गुरुजींकडं गेलत्या?"

"दोनला. भाजी दिऊन आले. झोपले होते."

"यंत्र बघितलं?"

"मला काय करायचं त्या डबड्याला? मला देवानं डोळे दिलेत. ज्याला न्हाईत त्यानं धरावं." आवाज चढला. "हात कसा लावायचा ते बी म्हाईत न्हाई मला."

वनमालानं पर्समधून छापील चिठ्ठी काढली. "मावशी, चष्मा इसरला. हा पत्ता तेवढा वाचून द्या."

"ठेवा तिथं. हाताला पीठ हाय."

हात स्वच्छ होते. वनमालानं चिठ्ठी परत ठेवली आणि चहा संपवला.

बाहेर आल्यावर लखन म्हणाला, "ताई, सत्यमच. मी ज्या दिवशी बघितलं त्याच दिवशी ओळखलं."

"आजच बघितलं की त्याला."

"मग आजच ओळखलं."

वनमाला हसली नाही. मागं वळून तिनं त्या दाराकडं बघितलं. आत अंधारलं होतं, तरी दिवा लावलेला नव्हता. लावायची गरज काय, असं तिच्या मनात आलं असावं. "लखनभाऊ, चोर सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं."

रविवारी दहाच्या आधीच विजयसिंहची गाडी आली. माणूस वाईट नव्हता. घड्याळ बघायची सवय मात्र वाईट. त्यानं बापाचे कपडे बॅगेत भरले, औषधं भरली. गुरुजी खाटेवर बसून चेन लागल्याचा आवाज ऐकत होते.

"बाबा, ऊन व्हायच्या आत निघू."

"दहा मिनिटं," वनमाला दारातून म्हणाली. तिच्या मागं सत्यम, मुनव्वर आणि विमलबाई. लखन ओट्यावर.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. "यंत्र याच खोलीतल्या एका माणसाकडं हाय. त्यानं उठून आणून दिलं, तर मी तोंड उघडत न्हाई. माझी फी बुडाली तरी चालंल."

कुणी हललं नाही. सत्यम विनाकारण घामेजला.

"बरं. मग ऐका. चोरानं यंत्र नेलं, डबा न्हाई नेला. म्हणजे इकायला नेलं न्हाई. मुनव्वरला हे सगळ्यात चांगलं कळतं. त्यानं नेलं असतं तर डब्यासकट."

मुनव्वरनं कानाच्या पाळीला हात लावला.

"दुसरं. गुरुजी पुण्याला जावेत म्हणून कुणी नेलं असतं, तर त्यानं यंत्र विहिरीत टाकलं असतं. कानातली जुनी वायर त्याच्या काय कामाची? सत्यमला तर वायर हाय हेच म्हाईत नव्हतं. ज्यानं वायर नेली त्याला यंत्र ऐकायचं होतं. तेही शेजारच्या भिंतीला न कळता. गुरुजींचे कान किती तिखट हायत हे त्याला म्हाईत होतं."

"ऐकायचं कुणाला असणार?" विजयसिंह म्हणाला. "गल्लीत दुसरं कुणी अंध नाही."

"गल्लीला तसं वाटतं. आता म्हशीकडं या."

"कोणत्या म्हशीकडं?"

"चकलांब्याच्या. कालच्या पेपरात म्हैस व्याली ती एका रकान्यात. सत्कार झाला तो शेजारच्या रकान्यात, एका बाईचा. डोळ्यानं वाचणारं माणूस रकाना संपला की खाली येतं. ओळ धरून पार टोकापर्यंत जाणारं वडवणीत एकच हाय. गुरुजी, तुमीच सांगितलं मला."

गुरुजींचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे शनिवारचा पेपर यंत्रानं वाचला. गुरुवारी चोरी झालेल्या यंत्रानं. ज्यानं तो ऐकला, त्यानं पाठ केला. मधलं अडलं तिथं आपल्या अकलेनं जोडून घेतलं. आपल्याकडं सत्कार कुणाचाही होतो, त्यामुळं म्हशीचा झाला ह्यात त्याला काई वावगं वाटलं न्हाई. तासाभरानं येऊन त्यानं तुमाला पेपर पुढ्यात धरून म्हणून दाखवला. दोन वर्षांमागं ओट्यावरच वाचायचं ते माणूस. आता पेपर आधी घरी न्यावा लागतो."

सगळ्यांच्या माना विमलबाईंकडं वळल्या. त्या ताठ उभ्या होत्या.

"खोटं," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय."

"मावशी," वनमालाचा आवाज खाली आला, "तुमच्या दाराला पिशवी हाय, ती पांढरी न्हाई. तिच्यावर परातीएवढा डोळा छापलाय, डोळ्याच्या दवाखान्याचा. तुमी सगळ्या गल्लीपासून लपवलं आन् दारात पाटी टांगली."

विमलबाईंचा हात नकळत खांद्याशी गेला, जशी पिशवी तिथंच होती. मग त्या वळल्या, भिंतीला बोटं लावत बाहेर गेल्या. लखन उठला तर वनमालानं त्याला नजरेनंच बसवलं.

त्या परत आल्या तेव्हा हातात यंत्र होतं, वायर गुंडाळलेली, आणि एक लांबट पाकीट.

"पिठाच्या डब्यात ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "पुसून आणलंय."

"कावून नेलं, विमलबाई?" गुरुजींचं शुद्ध मराठी गळून पडलं होतं. "मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?"

"मागायचं कोणत्या तोंडानं? गल्लीत वाचणारी मी. गल्लीचा निम्मा गुपचुपीचा कारभार माझ्या डोळ्याखालनं गेला. दोन वर्षं झाली, अक्षर पुसट झालं. पोथी पाठ होती म्हणून निभावलं. बुधवारी बीडला एकटी गेलते. डॉक्टर घाईत होता, म्हणला सगळं कागदात लिहिलंय. आता कागद कुणाला दाखवू? ज्याला दाखवीन त्याला कळंल. म्हणलं दुपारभर यंत्र नेते, ऐकते, गुरुजी उठायच्या आत ठिवते."

"मग ठेवलं का नाही?"

"इंग्रजीत वाचलं त्यानं. चारदा लावलं. चारदा इंग्रजी." त्यांनी यंत्र खाटेवर ठेवलं. "तवर तुमी उठला. संध्याकाळी माझ्या दारात आला. म्हणला, विमलबाई, पेपर वाचता का. दोन वर्षांनी हाक मारली तुमी. कसं द्यायचं परत?"

रस्त्यावर विजयसिंहच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"बाबा, यंत्र मिळालं ते ठीक," विजयसिंह म्हणाला. "पण हे असंच परत होणार. शेजारी सुद्धा आता..."

"अट काय होती?" गुरुजींनी विचारलं.

"यंत्र असलं तर."

"आहे. बॅग उघड, औषधं जिथली तिथं ठेव. डाव्या फळीवर डोळ्याचं, उजव्या फळीवर कानाचं. आणि गाडी रिकामी ने."

विजयसिंहनं घड्याळ बघितलं. मग पहिल्यांदाच बापाकडं बघितलं, आणि बॅगेची चेन उघडली.

एकेक करून माणसं गेली. सत्यमनं जाता जाता पुढच्या खोलीकडं एक नजर टाकलीच. वनमालाही ओट्यावर आली. लखन चपला शोधत होता.

"ताई, आता ह्या बाईचं गल्लीत कसं व्हायचं?"

"संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळंल. चहाबरोबर चघळतील." ती उन्हाकडं बघत म्हणाली. "मी खरं शोधते, लखनभाऊ. खरं सापडल्यावर त्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं न्हाई."

आतून गुरुजींचा आवाज आला. "कागद द्या, विमलबाई."

"राहू द्या."

"द्या."

पाकीट उघडल्याचा आवाज झाला. मग बटण दाबल्याचा. यंत्रातल्या सपाट, कोरड्या आवाजाच्या बाईनं इंग्रजीत पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, मधे न थांबता.

"काय म्हणली?" विमलबाईंनी विचारलं.

"साखरेमुळं आतला पडदा गेलाय. दोन्ही डोळ्यांचा. ऑपरेशननं येणार नाही." कागदाची घडी झाल्याचा आवाज आला. "आहे तेवढं वर्षभर राहील. मग तेही नाही."

"आन् खाली?"

"खाली नुसतं डॉक्टरचं नाव आहे."

गल्लीतल्या प्रत्येकाचा कागद विमलबाईंनी वाचला होता. त्यांना कुणी वाचून दाखवायची ही पहिलीच वेळ होती.

लखनला चप्पल सापडली होती, पण तो उभाच राहिला.

"परत एकदा सांगा, गुरुजी," विमलबाई म्हणाल्या. "आन् सावकाश. वाईट पत्र असलं की मी सावकाश वाचायची. तसं वाचा."